बाटलीवाले गर्गे

श्रीधर गर्गे माणसांना नावानं ओळखत नसत, आडाच्या नंबरानं ओळखत. नाशकात तेव्हा गल्लोगल्ली आड होते. आपल्या तपासणीतल्या आडांना त्यांनी वहीत नंबर दिले होते, आणि ज्या आडाचं पाणी तुम्ही पिता तो तुमचा नंबर. रस्त्यात कुणी भेटलं की ते थबकायचे, चष्मा वर सरकवायचे आणि ओळख पटली की आनंदानं म्हणायचे, "अरे, सात नंबर! काय म्हणतंय पाणी?" घरच्या माणसांची चौकशी वगैरे नाही. एका लग्नात त्यांनी माझ्या यजमानांची एका वकिलांशी ओळख करून दिली ती अशी : "हे एकोणीस नंबर, वरचा मजला. आणि हे चौतीस. चौतीसांना जरा मचूळपणा आहे." ते वकील पुढे वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत.

एकोणीस नंबरचा आड मथूकाकूंचा. भद्रकालीच्या मागच्या एका बोळात काकूंचं दुमजली घर होतं आणि परसात आड. खाली काकू एकट्या राहत. वर दोन खोल्यांत आम्ही : मी, शाळेत मास्तर असलेले माझे यजमान आणि आमची वर्षाची मंदा. खालची रस्त्याकडची खोली काकूंनी गर्गेभावजींना दिली होती. भावजी मुंबईच्या कॉलेजात एम.एस्सी. करत होते. विषय नाशकातल्या आडांचं पाणी. त्या विषयाचं इंग्रजी नाव एवढं लांब होतं, की सांगून संपेपर्यंत ऐकणाऱ्याला तहान लागावी. मिठाच्या सत्याग्रहाला वर्ष उलटलं होतं, गावातली तरणी मुलं तुरुंगात जाऊन येत होती, आणि हा पंचविशीतला बाप्या आडात बाटल्या सोडत बसतो, हे कुणाच्या पचनी पडत नसे.

ते राहायला आले तेव्हा सामान म्हणजे एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि पेंढ्यात गुंडाळलेल्या बाटल्यांच्या तीन पेट्या. ब्राह्मणाचा मुलगा आणि तीन पेट्या बाटल्या! गल्लीत कुजबुज झाली. शेवटी काकूंनी माझ्या यजमानांना बघून यायला पाठवलं. हे गेले, दोन बाटल्या हुंगल्या आणि परत येऊन म्हणाले, "काकू, सगळ्या रिकाम्या आहेत."

"म्हणजे तर आणखीच वाईट," काकू म्हणाल्या.

तेव्हापासून गल्लीत त्यांचं नाव पडलं ते बाटलीवाले गर्गे.

त्यांचं एक पालुपद होतं : "डोळ्यांवर जाऊ नका." पाणी स्वच्छ दिसतंय म्हटलं की हे वाक्य. पेढा ताजा दिसतोय म्हटलं तरी हेच. त्यांच्या मामांनी त्यांना एकदा मुलगी दाखवायला नेलं. मुलगी खरोखर देखणी होती म्हणे. पोहे झाले, मुलीच्या वडिलांनी रीतीप्रमाणे म्हटलं, "काही विचारायचं असेल तर विचारा." गर्गेभावजींनी वही काढली आणि विचारलं, "तुमचा आड आणि संडास यांच्यात अंतर किती?" मुलगी गोंधळली. भावजींनी खिशातून मोजपट्टी काढून तिच्यापुढे धरली आणि म्हणाले, "घाई नाही. मोजून सावकाश कळवा." मग मुलीचे वडील उठले आणि त्यांनी भावजींना आपल्या बैठकीपासून दारापर्यंतचं अंतर दाखवलं.

हे सगळं ते स्वतःच सांगायचे. त्यात हसण्यासारखं काय आहे, हे मात्र त्यांना कळायचं नाही.

तेव्हा गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, आठवड्यातला एकेक दिवस एकेका घरी. भावजी विद्यार्थीच, त्यामुळे त्यांचेही वार होते आणि गुरुवार मथूकाकूंकडे. काकू म्हणजे लाल आलवणातल्या, सोवळ्याच्या कडक, पण गुरुवारी त्यांचं स्वयंपाकघर दरवळायचं. त्यांना मूलबाळ नव्हतं. यजमान जाऊन वीस वर्षं झाली होती. त्या गृहस्थांनी स्वतः उभं राहून परसातला आड खणवला होता आणि साऱ्या गल्लीला मोकळा ठेवला होता. काकूंचा त्या आडावर फार जीव. "आमच्या पाण्यात डाळ एका उकळीत शिजते," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

"बरोबर आहे," भावजी वरण ओरपत म्हणत. "तुमचं पाणी मऊ आहे. रसायनाच्या दृष्टीनं उत्तम."

"आणि कुठल्या दृष्टीनं वाईट आहे रे?"

"ते अजून बघायचंय. डोळ्यांवर जाऊ नका, काकू."

"तुझ्या डोळ्यांचं राहू दे, आधी हात धू. बोटं बघ, कोळशासारखी!"

भावजींची बोटं चांदीच्या कसल्याशा द्रवानं काळी पडलेली असत. राखेनं घासा, चिंचेनं घासा, तो डाग जात नसे. दर गुरुवारी काकू त्यांना दोनदा हात धुवायला लावत आणि दर गुरुवारी भावजी मुकाट्यानं धूत.

बोटांपेक्षाही वाईट गोष्ट त्यांच्या पोटावर होती. पाण्यात जंतू आहेत का हे बघायला ते काचेच्या नळीत जंतूंसाठी एक प्रकारचं खिमट घालत, त्यात पाण्याचे थेंब सोडत आणि ती नळी दोन दिवस अंगाच्या उबेत ठेवत. आत एक चिमुकली नळी उपडी असायची. तिच्यात हवेचा बुडबुडा धरला की पाणी नापास. मुंबईला यासाठी विजेची पेटी होती. इथे भावजींनी खोक्यात गोधडी आणि कंदील ठेवून पेटी केली होती, पण कंदील भरवशाचा नव्हता. म्हणून महत्त्वाच्या नळ्या ते कापडी पट्ट्यात खोचून, सदऱ्याच्या आत, पोटाला बांधून हिंडत. एकदा एका शाळासोबत्यानं भर मेन रोडवर त्यांना कडकडून मिठी मारली, तेव्हा ते असे किंचाळले की रस्त्यावरचे टांगे थांबले. ताप आला की त्यांना आनंद व्हायचा. म्हणायचे, "दोन अंश जास्त आहे, पण चालेल."

अशा माणसाला आम्ही हसायचो, आणि त्याची सवयही झाली होती. पण त्या वर्षीच्या वैशाखात हसणं संपलं.

उन्हाळा कडक होता. आडाचं पाणी इतकं खाली गेलं होतं, की दोर पुरेना, त्याला आणखी एक दोर जोडावा लागला. आमच्या मंदाला आठवडाभर जुलाब झाले आणि बऱ्यावर आले. मी दमले होते. लंगोट्या गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, नेऊन धुवायच्या तर तेवढा वेळ तिला कुणापाशी ठेवणार? म्हणून आठवडाभर त्या वरच माझ्या मोरीत धुतल्या. मोरीची खापरी नळी भिंतीतून खाली जायची, पुढे परसातून गटाराला. तिच्याकडे कोण बघतंय?

त्यानंतरच्या एका सकाळी भावजी जिना चढून आले. एरवी ते खालूनच हाक मारत. उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "वहिनी, आजपासून पिण्याचं पाणी उकळा. वीस मिनिटं. घड्याळ लावून."

"का हो? बुडबुडा आला की काय?" मी हसतच विचारलं.

त्यांनी नळी दाखवली नाही. काकूंना सांगू नका, एवढंच म्हणाले आणि उतरून गेले.

ते चार दिवस मला अजून आठवतात. भावजी रोज पहाटे आडावर. बाटली सोडायची, वर ओढायची, खोलीत जाऊन दार लावायचं. मध्ये गुरुवार आला. पानावर बसले, पण नेहमीसारखे जेवले नाहीत. काकूंनी विचारलं, "वरण आवडलं नाही?" तर म्हणाले, "छान आहे." मी वाढत होते. मी बघितलं, त्यांनी पाण्याचं भांडं उचललं, क्षणभर धरलं आणि सगळं प्यायले. काकूंच्या डोळ्यांसमोर ते नको म्हणू शकले नाहीत. पण काकूंना खरं सांगणंही त्यांना जमत नव्हतं. एकच परीक्षा ते पुन्हा पुन्हा करत होते, आपली कुठे तरी चूक निघावी म्हणून.

पाचव्या दिवशी कोपऱ्यावरच्या सोनारांच्या सुनेला उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळी शेजारच्या घरातले दोघे पडले. गल्लीत पटकीचं नाव कुणी घेत नव्हतं, पण दारं लागू लागली होती. सोनारांची सून दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी. आदल्याच आठवड्यात तिनं माझ्या मंदाला काजळ घातलं होतं.

तिला नेलं आणि तासाभरात भावजी परसात आले. त्यांनी रहाटावरचा दोर सोडवला, वेटोळं केलं आणि ते मांडीवर घेऊन आडाच्या कठड्यावर बसले. बायका घागरी घेऊन आल्या, तशाच उभ्या राहिल्या. मग पुरुष आले.

"दोर बांधा, गर्गे," शेजारचे एक गृहस्थ म्हणाले. "घरात आजारी माणसं आहेत. पाणी हवंय."

"चौकातल्या नळाचं आणा. या आडाचं मिळणार नाही."

"तुम्ही कोण सांगणार?"

"मी म्युनिसिपालिटीत कळवून आलोय. उद्या त्यांचा माणूस येईल, औषध टाकेल, आड बंद करेल. तोवर मी बसतो."

कुणी तरी अंगावर धावून गेलं. माझ्या यजमानांनी त्याला मागे ओढलं. तेवढ्यात मथूकाकू घरातून बाहेर आल्या. सगळे बाजूला झाले.

"श्रीधर, दोर दे."

"नाही, काकू."

"माझ्या घरचा आड आहे हा. त्यांनी खणवलाय. इतकी वर्षं गाव पाणी पितंय, कुणाचं पोट दुखलं नाही."

"आता दुखतंय."

"दर गुरुवारी माझ्याकडे पानावर बसतोस तू!"

"बसतो. म्हणून तर देत नाही."

काकूंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. भावजी तसेच बसून राहिले. ऊन तोंडावर येत होतं, घाम चष्म्यावरून गळत होता, पण पुसायला त्यांनी दोरावरचा हात काढला नाही.

दुसऱ्या सकाळी म्युनिसिपालिटीचे आरोग्य इन्स्पेक्टर आले. लाल औषध टाकून आड बंद झाला. पण काकूंच्या हंड्यात आदल्या दिवशीचं पाणी होतं, आणि रागाच्या भरात त्या तेच प्यायल्या होत्या. दुपारी त्यांना उलट्या लागल्या.

त्या तीन दिवसांत भावजींनी केलेलं कुणाच्या पोटच्या मुलानंही केलं नसतं. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येऊन जायचे. मधला सगळा वेळ भावजी काकूंच्या उशाशी. उकळलेलं पाणी, मीठ, चमचा आणि घड्याळ. दर पाच मिनिटांनी चमचा. काकूंचे डोळे खोल गेले होते, आवाज फुटत नव्हता, तरी त्यांनी पहिल्या दिवशी हातानं खूण केली : शिवू नकोस, सोवळं आहे. भावजी म्हणाले, "मी हात दोनदा धुतलेत, काकू." आणि चमचा तोंडाशी नेला. घाण त्यांनी काढली, पातळं त्यांनी उकळली. मी मदतीला गेले की मला दारातूनच परत पाठवायचे, "मंदा आहे, तुम्ही वर जा."

तिसऱ्या दिवशी काकूंना घाम आला आणि त्यांनी भाताची पेज मागितली. भावजी उठून परसात गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी खिडकीतून पाहिलं. ते बंद आडापाशी पाठमोरे उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

"मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं," पुढे ते मला एकदा म्हणाले. "चार दिवस वाट बघितली. सोनारांची सून..."

काकू वाचल्या, पण घाण आडात कुठून आली हे कळेपर्यंत आड उघडायचा नाही, असं इन्स्पेक्टरांनी सांगितलं. ज्याच्या मोरीचं पाणी झिरपत असेल त्याच्या नावानं नोटीस निघणार होती. गल्लीला हेच हवं होतं. सोनार रोज परसाच्या दारात येऊन विचारायचे, "सापडलं का? कुणाची?" माणूस मोठ्यानं बोलत नव्हता, म्हणून जास्त भीती वाटायची.

शोधायची रीत साधी होती. एकेका मोरीत खूप मिठाचं पाणी ओतायचं आणि दुसऱ्या दिवशी आडाच्या पाण्यात मीठ वाढलं का बघायचं. भावजी बाजारातून मिठाचं पोतं पाठीवर घेऊन निघाले आणि वाटेत हवालदारानं अडवलं. ते दिवसच तसे होते.

"एवढं मीठ कशाला?"

"मोरीत ओतायला."

"सत्याग्रहाचा नवा प्रकार काय हा?"

"अहो, मीठ तयार केलं तर गुन्हा ना? मी नाहीसं करतोय."

हवालदारानं बराच विचार केला आणि सोडून दिलं. त्या महिन्यात गल्ली हसली ती तेवढीच.

पहिल्या दिवशी काकूंची मोरी. काही नाही. मग शेजारच्या घराची, तिथलंही काही नाही. मग भावजींच्या खोलीतली. शेवटी ते बादल्या घेऊन वर आले. "वहिनी, तुमच्या मोरीत ओततो." मी म्हटलं, "ओता की." मी तेव्हा मंदाला भरवत होते. माझ्या मनात खरंच काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाली गेले. भावजी टेबलाशी होते. समोर बशीत पिवळं पाणी, हातात काचेची बारीक नळी. ते पिवळं पाणी विटकरी होईपर्यंत थेंब मोजायचे, जितके थेंब जास्त तितकं मीठ जास्त, हे मला बघून बघून माहीत झालं होतं. ते थेंब सोडत होते आणि पाणी पिवळंच राहत होतं. मला बघून त्यांनी हात थांबवला.

"आमचं काय निघालं?" मी विचारलं.

"तुमचं?" त्यांनी बशी बाजूला सारली. "काही नाही. तुमची मोरी चांगली आहे. माझीच आहे."

"तुमची?"

"हो. काल उशिरा लक्षात आलं. मी धुवायच्या बाटल्या, नळ्या... सगळं त्या मोरीतच जातं ना." ते माझ्याकडे बघत नव्हते. चष्मा काढून पुसत होते. "इन्स्पेक्टरांना लिहून दिलंय."

संध्याकाळी गल्लीला कळलं. पुढचं सांगायला मला अजून जड जातं. आधी ज्यांनी त्यांना वेडा म्हटलं होतं, ते आता खुनी म्हणाले. जंतू पोटाला बांधून हिंडणारा माणूस! त्याच्याच बाटल्यांनी आड नासवला! कुणी दगड मारून खिडकीची काच फोडली. वाराच्या घरांनी निरोप पाठवले, उद्यापासून येऊ नका. सोनार दारात आले, भावजींकडे नुसतं बघत राहिले आणि त्यांच्या पायाशी थुंकून गेले. भावजी म्हणाले, "मला क्षमा करा." एवढंच. आणि मी, वरच्या खिडकीत उभी, मनात म्हणाले, बरं झालं, आपण सुटलो. तेही सांगितलंच पाहिजे.

दोन दिवसांनी ते सामान बांधून मुंबईला गेले. काकू अजून अंथरुणावर होत्या. त्यांना नमस्कार करायला ते गेले तेव्हा काकूंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

आठवड्यानं उस्मानभाई गवंडी मोरी दुरुस्त करायला आले. नोटिशीत लिहिल्याप्रमाणे त्यांनी खालच्या खोलीची नळी उकरली. दुपारी मला हाक मारली.

"बाई, जरा इकडे या. ही खालची नळी तर अख्खी आहे. सरळ रस्त्याच्या गटारात जाते, आडाकडे जातच नाही. फुटलीय ती ही बघा. आडाजवळची. ही वरून येते. वर कोण राहतं?"

मी खड्ड्यात वाकून बघितलं. खापराच्या सांध्याला हाताएवढी भेग होती. आजूबाजूची माती काळी, ओली. तिथून आड दोन पावलांवर.

वर येऊन मी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "झालं ते झालं. नळी बदलून टाकू. आता कशाला उकरायचं? त्यानं आपणहून घेतलंय अंगावर." ते वाईट माणूस नव्हते. घाबरले होते. मीही घाबरले होते. पण मला जेवण जाईना. डोळ्यांपुढे लंगोट्या यायच्या आणि सोनारांची सून यायची.

तिसऱ्या दिवशी मी काकूंच्या पुढ्यात जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. ऐकताना त्यांच्या हातातली जपमाळ थांबली.

"म्हणजे तो माझ्या उशाशी बसला, आणि मी त्याला तोंड दाखवलं नाही," त्या म्हणाल्या. मग, "आता त्याला जेवायला कोण घालतंय, इंदू?"

मला रडू फुटलं. काकूंनी मला रडू दिलं. मग उठल्या, भिंत धरत धरत. "चल. सोनारांकडे जाऊ. तू एकटी जाऊ नकोस."

सोनार कानस घेऊन काम करत होते. मी सांगितलं. त्यांची कानस थांबली, पण त्यांनी वर बघितलं नाही. काकू माझा हात धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोरीला माहीत नव्हतं. घर माझं, नळी माझी, मीही बघितली नाही. बोलायचं तर मला बोला." सोनारांनी मान हलवली. कशासाठी ते कळलं नाही. मग परत कानस चालू झाली. गल्लीत पुढे कुणी मला तोंडावर काही बोललं नाही. काकू शेजारी असल्यावर बोलणार कोण?

मी गर्गेभावजींना पत्र लिहिलं. असं का केलंत, म्हणून विचारलं. उत्तर पंधरा दिवसांनी आलं. मला ते आजही जवळजवळ पाठ आहे.

"वहिनी, गवंडी वरची नळी उकरेल हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. प्रबंधातून तुमच्या आडाचं पान मी काढून टाकलंय. गुरुजी रागावले, पण मी खोटं छापणार नव्हतो आणि खरंही छापणार नव्हतो. तुम्ही कारण विचारता. मी सात वर्षांचा असताना आमच्या खेड्यात पटकी आली. धाकटा भाऊ आजारी पडला. आईनं त्याचे कपडे विहिरीच्या काठावर धुतले असं कुणी तरी म्हणालं. धुतले की नाही, हे तिला स्वतःलाच आठवत नाही. तीन दिवस ती त्याच्या उशाशी बसून होती. भाऊ गेला, गावातलीही बरीच गेली. तेव्हापासून गावात आमच्या घरचं पाणी कुणी घेत नाही. आई अजून तिथेच राहते. मी हा विषय घेतला तेव्हा पहिली बाटली घेऊन त्या विहिरीवर गेलो होतो. ती बुजवलेली होती. मंदाला जपा. पाणी उकळता ना?"

मी पत्र काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "हे खेडं कुठे आलं?"

"निफाडच्या वाटेला. मोटार जाते."

"मग उद्याची मोटार बघ."

काकूंना धड चालवत नव्हतं. शिवाय सोवळ्याची बाई, बाहेर कुठे पाण्याचा थेंब घेत नसत. प्रवासाला म्हणून घरून फिरकीचा तांब्या भरून घेतला. मोटारीनं फाट्यावर सोडलं, तिथून बैलगाडी. घर गावाच्या कडेला, सारवलेलं, स्वच्छ. भावजींच्या आई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. सडपातळ बाई, भावजींसारखाच पुढे आलेला चष्मा. आम्ही नाशकाहून आलो, श्रीधर आमच्याकडे राहत होता, म्हटल्यावर त्यांनी लगबगीनं घोंगडी अंथरली. "कसा आहे तो? जेवतो का वेळेवर?" असं बरंच विचारलं. पण पाणी विचारलं नाही. आत जायच्या, रिकाम्या हातानं बाहेर यायच्या.

काकू ओसरीच्या खांबाला टेकल्या. फिरकीचा तांब्या त्यांनी माझ्या पिशवीत खाली सारला.

"बाई," त्या म्हणाल्या, "ऊन फार लागलं. पाणी द्या."

भावजींच्या आई उभ्या होत्या तशाच राहिल्या. "शेजारून मागवते हं," त्या म्हणाल्या. "आत्ता आणवते. चांगलं थंड असतं त्यांचं."

"शेजारचं कशाला? मी तुमच्या घरी आलेय."

त्या आत गेल्या. बऱ्याच वेळानं माठावरचं झाकण वाजलं. त्या बाहेर आल्या तेव्हा दोन्ही हातांनी तांब्या-भांडं धरलं होतं. काकूंनी भांडं घेतलं, मान वर केली आणि वरून धार धरून सगळं प्यायल्या. भांडं खाली ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं.

"आणखी देऊ?" भावजींच्या आईंनी विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता त्या भरायला आत वळल्या.